डावखुऱ्यांचे दांडे

आमच्या घरात दोन डावखुरे आणि मी एकटी उजव्या हाताची. एक आमचे हे, दुसरी आमची लेक. बहुमत त्यांचं, त्यामुळे माझं काही चालत नाही. दाराच्या कड्या उलट्या, कात्री उलटी, ओट्यावरच्या सुऱ्या भलत्याच बाजूला. लेकीने पहिल्यांदा चमचा डाव्या हातात धरला तेव्हा ह्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं होतं, "हात माझा घेतलाय!" जसं काही नाक, डोळे, उंची मी दिली ती फुकटचीच.

हे दांडे करतात. हातोडीचे, कुऱ्हाडीचे, कुदळीचे, पटाशीच्या मुठी. घरामागे पत्र्याची शेड आहे, तिथेच सगळा कारभार. सगळे ह्यांना मिस्त्री म्हणतात. ह्यांची पद्धत अशी, की एक लाकूड घ्यायचं, उजेडात धरून त्याच्या रेषा बघायच्या, टिचकी मारून ऐकायचं, मग रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर. तो दांडा पुरा झाला की मग दुसरा. मापाची पट्टी हातात दिली तर ह्यांना अपमान वाटायचा. "डोळा आहे ना माझा!" आणि डोळा होताच, ते नाकारून कसं चालेल? मिस्त्रींचा दांडा हातात घेतला की खाली ठेववत नाही, असं लोक म्हणायचे आणि मी शेजारी उभी राहून फुगायची. नवऱ्याचं कौतुक ऐकून फुगणार नाही तर काय करणार?

पण खांदा गेला ह्यांचा. हात वर जाईना, काम रेंगाळायला लागलं. त्यात एके दिवशी लोहारदादा आले. हातोड्यांची डोकी ते करतात, दांडे आमचे, हे पहिल्यापासूनचं. दारातच उभे राहून म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. तुमचा एक दांडा घेतला तर राजा आहे. पण दहा घेतले तर दहा तऱ्हेचे. कुणी जाड, कुणी बारीक. प्रत्येक हातोडी मला पुन्हा घासून बसवावी लागते. कारखान्याचे दांडे येतात ते सगळे एकसारखे."

राग मानू नका म्हटलं की माणूस मानतोच. हे म्हणाले, "मग घ्या की कारखान्याचे!" आणि घरात येऊन मला म्हणाले, "संपलं. शेड शेजाऱ्यांना देऊन टाकतो."

शेजारच्या भावजींचा त्या शेडवर केव्हापासून डोळा होता. त्यांची गाडी रस्त्यात उभी असते आणि तिच्यावर रोज कुणीतरी बोटाने चित्रं काढून जातं. भेटले की विचारायचे, "काय मिस्त्री, कधी मोकळी करताय?"

आमची लेक तेव्हा समोरच जेवत होती. तिला घरात भिंगरी म्हणतात, कारण ती लहानपणापासून एका जागी बसलेली कुणी पाहिलेली नाही. फर्निचरच्या कारखान्यात कामाला होती. तो कारखाना लांब दुसऱ्या शहरात हलणार होता आणि तिलाही चल म्हणत होते. काय ते उत्तर तिला द्यायचं होतं. तिने ताट बाजूला सारलं. म्हणाली, "बाबा, शेड मला द्या."

"तुला? काय करणार तू?"

"दांडे."

हे हसले. असे हसले की मला ह्यांचा राग आला. "अगं, दांडा म्हणजे काय कपाटाचं फळकूट आहे? हात लागतो त्याला!"

"हात तुमचाच घेतलाय ना? तुम्हीच सांगत असता."

मग जे जुंपलं म्हणता! दोघंही डावा हात नाचवत होते, दोघांचाही आवाज चढलेला, आणि मधे मी आमटी सांडू नये म्हणून पातेलं धरून उभी. शेवटी मीच ओरडले. "गप्प बसा दोघंही! लोहारदादांना एक खेप करून द्या, सगळे दांडे एकसारखे. त्यांनी घेतली तर शेड हिची. नाही घेतली तर शेड शेजाऱ्यांची आणि ही जाईल कारखान्याबरोबर."

बोलून गेले आणि मगच मला उमजलं. दांडे नाही जमले तर लेक लांब जाणार, आणि ते मीच माझ्या तोंडाने ठरवून बसले होते. पण आता माघार कशी घेणार? ह्यांनी हात पुढे केला, तिने केला. डावाच, अर्थात. लोहारदादाही म्हणाले, रविवारी सकाळी येऊन बघतो.

दुसऱ्या दिवशी भिंगरीने आधी शेड झाडली. एवढा भुसा निघाला की हेच म्हणाले, "अरे, इथे खाली फरशी आहे होय!" मग तिने हत्यारं भिंतीवर टांगली, प्रत्येकाला खिळा, प्रत्येकाची जागा ठरलेली. हे कोपऱ्यात स्टुलावर बसून शेरे मारत होते. "वा, दुकान मांडलं! गिऱ्हाईक कुठंय?"

 तिने करवतीशेजारी एक ठोकळा पक्का ठोकला. लाकूड त्या ठोकळ्याला टेकवायचं आणि कापायचं, की लांबी आपोआप बरोबर. पट्टी नको की खुणा नकोत. सगळं लाकूड आधी एकाच लांबीचं कापून काढलं. दोन फळ्या तिरक्या जोडून तिने एक खोबण केली, तिच्यात चौकोनी लाकूड आडवं ठेवलं की त्याचा कोपरा बरोबर वर येतो आणि रंध्याखाली सरळ निघतो. दांडा धरून बसायला दुसरा माणूस नको. आणि नियम असा, की एक हत्यार हातात घेतलं की त्याचं काम सगळ्या दांड्यांवर झाल्याशिवाय ते खाली ठेवायचं नाही.

हे म्हणाले, "ही काय शाळेची कवायत आहे? सगळ्यांनी एकदम हात वर, सगळ्यांनी एकदम खाली?"

"बाबा, तुमचा अर्धा दिवस कानस कुठे ठेवली ते शोधण्यात जायचा."

मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. हेच मी लग्न झाल्यापासून सांगत आले होते, पण मी सांगितलं तर ती कटकट.

मग प्रश्न आला नमुन्याचा. सगळे दांडे सारखे हवेत तर ते कशासारखे? हे स्टुलावरून उठले. आत गेले आणि स्वतःची हातोडी घेऊन आले. ती हातोडी ह्यांच्याकडे माझ्याही आधीपासून आहे. दांडा काळाभोर, गुळगुळीत, खालचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं खाली वळलेलं, म्हणजे घामाने हात निसटत नाही. हे म्हणाले, "हा घे नमुना. याच्यापेक्षा चांगला दांडा मी केला नाही, आणि दुसरं कुणी करणार नाही."

तिने तो हातात धरला आणि तिचा चेहराच बदलला. "बाबा! काय बसतोय हो!" दोघं आळीपाळीने तो दांडा धरून बघत होते. लहान मुलांना नवीन खेळणं मिळावं तसे. बऱ्याच दिवसांनी दोघं एका गोष्टीवर एकमेकांशी सहमत झाले होते, म्हणून मीही मधे बोलले नाही.

तिने हातोडीचं डोकं काढून तो दांडा प्लायवूडवर ठेवला, एकदा वरून आणि एकदा बाजूने, पेन्सिलीने त्याच्याभोवती रेघ ओढली आणि दोन नमुने कापले. मग प्रत्येक लाकडावर ते ठेवून आखणी, मग मशीनच्या करवतीवर कापणी. पहिल्या दिवशी स्टुलावर बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी लाकूड निवडायला उठला. "हे नको, गाठ आहे. हे ओलं आहे अजून, वजनावरून कळत नाही का तुला?" ती निमूट ते बाजूला ठेवायची. तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेले तर हे खोबणीपाशी उभे राहून रंधा मारत होते. खांदा वर न उचलता. आडव्या लाकडावर उचलावाच लागत नव्हता. मला बघून म्हणाले, "पोर दमली होती म्हणून." पोर पलीकडे शीळ घालत उभी होती.

शनिवारी दुपारी सगळे दांडे तयार होऊन रांगेत उभे राहिले. मी दारात थबकलेच. आमच्या शेडमध्ये एवढे दांडे एका वेळी कधी दिसलेच नव्हते, आणि सगळे जुळ्या भावंडांसारखे. हे डोळे मिटून एकेक हातात घेत होते. "हा... हाही... हाही." मग नाक ओढायला लागले.

"बाबा, रडताय?"

"भुसा गेला डोळ्यात. झाडत जा जरा."

आता माझं काम. तेल लावणं पहिल्यापासून माझ्याकडे. फडक्यावर जवसाचं तेल घ्यायचं, दांडा उजव्या हातात धरायचा आणि डाव्याने चोळायचं. पहिला दांडा घेतला. काहीतरी खटकलं. दुसरा घेतला. तिसरा घेतला तसं लक्षात आलं, की अंगठ्याच्या बुडाशी लाकूड टोचतंय. हात बसतच नव्हता.

एका दांड्यावर भिंगरीने बघायला म्हणून हातोडीचं डोकं बसवलं होतं. मी तो घेतला आणि खांबावर एक खिळा ठोकला. वाकला. दोघं फिदीफिदी हसायला लागले. कारण मी खिळा ठोकला की तो वाकतो, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. सासरी आल्यापासून ह्यांच्या हातोडीने मी एक खिळा सरळ मारलेला नाही. पाहुण्यांसमोरसुद्धा सांगतात.

"हसू नका!" मी म्हटलं. "दांडा टोचतोय मला."

"दांडा टोचत नाही, तुझा हात वाकडा आहे," हे म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. रागारागात मी हातोडी डाव्या हातात घेतली. आणि काय सांगू, दांडा हातात असा जाऊन बसला, जसा माझ्यासाठीच केलेला. मी दुसरा खिळा धरला आणि हळूहळू, चाचपडत, पण ठोकला. सरळ गेला! मी! डाव्या हाताने!

हसणं थांबलं. भिंगरीने बाबांचा जुना दांडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. एका अंगाला खळगा होता. उथळ, पण होता. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हा दांडा असा केला नव्हता. हा झिजलाय."

इतकी वर्षं ह्यांचा डावा तळवा त्या लाकडाला एकाच जागी खात होता. लाकडाने ह्यांचा हात घेतला होता, आणि आम्ही तो हात सगळ्या दांड्यांना देऊन बसलो होतो. कळणार कसं? करणारे दोघं डावखुरे, तपासणारे दोघं डावखुरे! दांडे उलटे फिरवूनही बसवता येणार नव्हते, चोच आभाळाकडे गेली असती. आणि लोहारदादा उजव्या हाताचे. त्यांची सगळी गिऱ्हाइकंही.

"म्हणजे," मी ह्यांना म्हटलं, "इतकी वर्षं खिळे वाकत होते ते माझ्या हातामुळे नव्हे!" ही काय बोलायची वेळ होती? नव्हती. पण बोलल्याशिवाय मला राहवलं नसतं.

हे स्टुलावर बसले. म्हणाले, "नमुना माझा. मिजास माझी. पोरीची शेड मीच घालवली." आवाज इतका खाली गेला होता, की माझी सगळी गंमत तिथेच विरली. बारा गावच्या लोकांनी वाखाणलेला माणूस, आणि असा मान घालून बसलेला मला बघवेना. त्याहून मला रविवारची भीती वाटायला लागली. लेकीची बॅग, स्टँड, सगळं डोळ्यांसमोर आलं.

 भिंगरी प्लायवूडचा नमुना हातात घेऊन उभी होती. मग तिने तो पालथा केला. पुन्हा उताणा केला. पुन्हा पालथा.

"आई, किती दांड्यांना तेल लावलंस?"

"तीनच."

"बस्स. बाकीच्यांना हात लावू नकोस. तेलावर पेपर चालत नाही." आणि बाबांकडे वळून म्हणाली, "नमुना पालथा लावला तर तोच खळगा दुसऱ्या अंगाला येतो. दोन्हीकडे सारखा. मग उजवा हातही बसेल, डावाही. नमुना खाली लावायचा, दांडा वर. घासायच्या मशीनपुढे आडवी पट्टी ठोकते, नमुना तिला टेकला की घासणं आपोआप थांबतं. जास्त लाकूड जाणारच नाही."

हे म्हणाले, "दोन्हीकडून खाल्लं तर मधे उरलं काय? मोडेल."

"मोडेल का?" तिने विचारलं. वाद घालायला नव्हे हो, खरंच विचारलं. "ते मला कळत नाही, बाबा. ते तुम्हीच सांगा."

हे उठले. तिने एक दांडा तसा घासून दिला. ह्यांनी तो शिकंज्यात आवळला आणि दुसऱ्या टोकाला सगळा भार टाकून अक्षरशः लोंबकळले. खांद्याची आठवण मलाच आली, ह्यांना नाही. दांडा वाकला आणि परत सरळ झाला. दुसरा लावला, तो काडकन मोडला. मी किंचाळले. हे मात्र मोडलेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. "याची रेषा तिरकी आहे, बरोबर खळग्याशी बाहेर पडते. असे नकोत. सरळ रेषेचे सगळे सोसतील."

मग आमची तिघांची जी फौज कामाला लागली! हे खिडकीत उभे राहून प्रत्येक दांड्याची रेषा बघायचे, तिरका असेल तो काढून टाकायचे. बरा असेल तो भिंगरीकडे, ती घासायची. तिच्याकडून माझ्याकडे, मी कडा पेपरने मऊ करायची आणि उजव्या हातात धरून बघायची. मी "चालेल" म्हटल्याशिवाय दांडा पुढे जात नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्या शेडमध्ये माझ्या हाताला विचारत होते. दिवे लागायच्या आत सगळं आटपलं. ह्यांच्या जुन्या पद्धतीने प्रत्येक दांडा वेगळा दुरुस्त करत बसलो असतो तर पुढचं वर्ष उजाडलं असतं. मी ते बोलून दाखवलं. हे म्हणाले, "कळलं, कळलं." पण चिडून नाही.

रविवारी सकाळी लोहारदादा आले, वहिनींनाही घेऊन आले. त्या भट्टीवर त्यांच्या बरोबरीने घण मारतात. लोहारदादांनी रांगेतून कुठलाही एक दांडा उचलला, पिशवीतलं डोकं काढून बसवलं, पाचर मारली आणि ऐरणीऐवजी आमच्या खांबाशेजारच्या लोखंडावर दणादण ठोके घातले. दांडा काढला. दुसरा बसवला. तोही तस्साच बसला, घासावं लागलं नाही. तिसरा.  वहिनींनी एक उचलला, या हातात घेतला, त्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "अहो, हा मला हवा. माझा हात आखडणार नाही असा दांडा कधी मिळालाच नव्हता. हा कमरेत बारीक आहे."

लोहारदादांनी ह्यांच्याकडे बघितलं. "मिस्त्री, हा तुमचा नमुना नाही. मी तुमचे दांडे ओळखतो. कुणाचा हा?"

ह्यांनी बोट केलं. "हिचा."  माझ्या लेकीची मान खाली गेली आणि कान लाल झाले. मी मात्र सरळ डोळ्यांना पदर लावला. कशाला लपवायचं?

"सगळे घेतो," लोहारदादा म्हणाले. "आणि पुढचेही इथूनच."

तेवढ्यात शेजारचे भावजी शेडमध्ये डोकावले. हातात मोजायची टेप. ह्यांच्या रागावरच त्यांची सगळी भिस्त होती. "काय मिस्त्री, मापं घेऊ का? शेड कधी मोकळी करताय?"

हे खोबणीपाशी उभे होते, पुढच्या खेपेचं पहिलं लाकूड लावून. रंधा थांबवला नाही. वळूनही बघितलं नाही.

"मला काय विचारता?" हे म्हणाले. "तिला विचारा. मी इथे कामाला आहे."